रोपालिडिया मार्जिनाटा आणि राघवेंद्र गदगकर: एका गांधीलमाशीमागे घालवलेले संशोधन-आयुष्य

सातवीण

कीटकशास्त्रज्ञांचा विषय निघाला की आपल्याकडे फाब्र, फॉन फ्रिश आणि ई. ओ. विल्सन ही नावे हमखास घेतली जातात. भारतात राहून, आपल्या घराच्या वळचणीला सापडणाऱ्या कीटकावर काम करून, जगभरच्या उत्क्रांतिशास्त्रज्ञांना आपल्या मुद्द्याची दखल घ्यायला लावणाऱ्या माणसाचे नाव मात्र त्या यादीत क्वचितच दिसते. म्हणून हा धागा राघवेंद्र गदगकर यांच्या कामाविषयी काढत आहे. त्यांचे चरित्र सांगण्यापेक्षा त्यांनी कोणता प्रश्न धरला, तो कसा सोडवत नेला आणि पुढे इतरांनी त्याचे काय केले, यावर चर्चा व्हावी असे वाटते.

आडनावावरून गदगची आठवण होत असली तरी त्यांचा जन्म १९५३ साली कानपूरला झाला. प्राणिशास्त्राचे शिक्षण बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात झाले आणि तिथेच, विभागाच्या खिडक्यांना लटकलेली गांधीलमाश्यांची पोळी त्यांच्या नजरेस पडली. पीएचडी मात्र त्यांनी भारतीय विज्ञान संस्थेत रेणवीय जीवशास्त्रात केली. विषय होता जिवाणूंना ग्रासणारा एक विषाणू, म्हणजे मायकोबॅक्टेरियोफेज. त्या वर्षांत गांधीलमाश्या हा त्यांचा फावल्या वेळचा छंद होता. १९७९ मध्ये पदवी हाती आल्यावर त्यांनी छंदालाच व्यवसाय केले. या निर्णयाला आधार मिळाला तो त्याच संस्थेत असलेल्या पुण्याच्या माधव गाडगीळांचा. गाडगीळांनी १९८३ मध्ये तिथे परिसरविज्ञान केंद्र उभे केले आणि गदगकरांची पुढची सारी कारकीर्द त्या केंद्रातच घडली. माशीवरचा त्यांचा एक अगदी सुरुवातीचा लेख १९८० साली ‘करंट सायन्स’ या भारतीय नियतकालिकात आला होता, हेही नोंदवण्यासारखे आहे.

ही माशी म्हणजे रोपालिडिया मार्जिनाटा. लेपेलेतिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३६ मध्ये तिचे वर्णन केले. दक्षिण भारतात आणि आपल्याकडे ती सर्रास आढळते, फक्त आपण तिच्याकडे झाडू घेऊनच पाहतो. वाळलेल्या लाकडाचा भुसा चावून त्याच्या लगद्यापासून ती राखी रंगाचे, कागदासारखे उघडे पोळे बांधते. मातीचे घरटे करणारी कुंभारीण वेगळी. ती एकटी राहते, तर ही समाज करून राहते.

संशोधकाच्या दृष्टीने या माशीचे मोल असे की तिच्यात राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच असतात. मधमाशीची कामकरी शरीरानेच कामकरी म्हणून घडलेली असते, तिला निवड करायला फारशी जागा उरत नाही. रोपालिडियाच्या मादीपुढे मात्र खरोखरच पर्याय असतात. ती पोळे सोडून जाऊन एकटीने नवे पोळे मांडू शकते, दोन-चार जणींच्या जोडीने मांडू शकते, किंवा जन्मघरी राहून दुसरीची अंडी-अळ्या सांभाळू शकते. त्यातून आपल्या हवामानात या पोळ्यांना ठरावीक हंगाम नसतो, त्यामुळे हे तिन्ही प्रकार वर्षभर शेजारी शेजारी चालू असलेले पाहता येतात. स्वतः अंडी घालण्याची क्षमता असताना मादी दुसरीच्या पोरांसाठी का राबते, हा डार्विनपासूनचा प्रश्न विचारायला याहून सोयीचा प्राणी शोधून सापडला नसता.

कामाची पद्धत ऐकली की खर्चाची कल्पना येते. प्रत्येक माशीच्या पाठीवर लवकर वाळणाऱ्या रंगाचे ठिपके द्यायचे, म्हणजे ती ओळखता येते, आणि मग वही घेऊन तासन् तास पोळ्यासमोर बसायचे. कोण किती वेळ नुसती बसून असते, कोण कोणाला दरडावते, कोण उडून जाऊन अन्न वा लगदा आणते, याची नोंद करायची. एन. व्ही. जोशी यांच्याबरोबरचा १९८३ चा लेख अशा नोंदींवर आधारलेला होता. वेळेच्या विभागणीचे सांख्यिकी विश्लेषण केल्यावर पोळ्यातल्या माद्यांचे तीन गट आपोआप वेगळे पडले: बसून राहणाऱ्या, भांडणाऱ्या आणि चारा आणणाऱ्या. आश्चर्य राणीचे होते. तोवर अभ्यासल्या गेलेल्या अशा माश्यांमध्ये राणी म्हणजे सर्वांत दांडगट मादी असा समज होता आणि रोपालिडिया सायाथिफॉर्मिस या जवळच्या जातीत तो खराही आहे. मार्जिनाटाची राणी मात्र ‘बसणाऱ्या’ गटात निघाली, म्हणजे कोणाच्या अध्यात ना मध्यात. २००२ साली सुजाता कार्दिले आणि गदगकर यांनी या दोन राण्यांची तुलना स्वतंत्र लेखात मांडली.

ही शांत राणी पोळ्यावरून उचलली की अर्ध्या तासाच्या आत एक कामकरी अचानक कमालीची आक्रमक होते. राणी परत ठेवली तर ती पुन्हा निवळते. न ठेवली तर साधारण आठवडाभरात ती अंडी घालू लागते आणि राणी झाल्यावर पूर्वीच्या राणीसारखीच शांत होते. दांडगाई न करता राणी कामकऱ्यांची अंडी कशी रोखून धरते, ही होणारी राणी आधीपासून ठरलेली असते का, आणि बाकीच्या तिला का मानतात, या तीन प्रश्नांनी त्यांच्या प्रयोगशाळेला पुढची कित्येक वर्षे पुरून उरेल इतके काम दिले.

वाचनवेडा

लेख आवडला. माझी एक मूलभूत शंका आहे. मुंग्या-माश्यांमध्ये बहिणींचे नाते विशेष घट्ट असते, म्हणून त्या एकमेकींसाठी राबतात, असे आम्ही महाविद्यालयात शिकलो होतो आणि परीक्षेत लिहूनही आलो. तेच उत्तर असेल तर मग इतका शोध कशासाठी?

सातवीण

वाचनवेडा, तुम्ही शिकलात तो युक्तिवाद विल्यम हॅमिल्टन यांच्या १९६४ च्या लेखांतून आलेला आहे. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांमध्ये नर हा फलन न झालेल्या अंड्यातून जन्मतो, त्यामुळे त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो आणि तो सगळ्या मुलींना जसाच्या तसा मिळतो. परिणामी एकाच आईबापाच्या सख्ख्या बहिणींत सरासरी तीन-चतुर्थांश जनुके सामाईक असतात, तर आई आणि मुलीत निम्मीच. म्हणजे हिशेबाने पाहता स्वतःची मुलगी वाढवण्यापेक्षा आईच्या पोटची बहीण वाढवणे अधिक फायद्याचे.

या हिशेबातली गोम ‘एकाच बापाच्या’ या शब्दांत आहे. मुरलीधरन, शैला आणि गदगकर यांनी १९८६ मध्ये विकरांच्या (एन्झाइमांच्या) प्रकारांवरून माग काढून दाखवले की मार्जिनाटाची राणी एकाहून अधिक नरांशी समागम करते आणि त्यांचे वीर्य मिसळून वापरते. त्यामुळे बहिणींमधले नाते तीन-चतुर्थांशावरून घसरून अर्ध्याच्या आसपास येते. त्यापुढे आणखी एक भानगड आहे. पोळ्यात राण्या बदलत राहतात. आज जी कामकरी अळ्यांना भरवते आहे ती कधी बहिणींना, कधी भाच्यांना, तर कधी मावसबहिणींना भरवत असते. १९९३ मध्ये या साखळीचे सविस्तर मोजमाप प्रसिद्ध झाले आणि नाते आणखी विरळ असल्याचे दिसले. स्वतःच्या मुलीशी असणारे अर्धे नाते सोडून इतक्या लांबच्या नात्यासाठी राबायचे, हे घट्ट बहीणपणाच्या युक्तिवादात बसत नाही.

माझ्या मते इथेच त्यांची पीएचडी उपयोगी पडली. रेणूंच्या पातळीवरचे तंत्र हातात असलेला आणि तासन् तास पोळ्यासमोर बसायचीही तयारी असलेला माणूस त्या काळात दुर्मीळच होता.

गणिती

पुढचा भाग मी मांडतो, कारण तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. हॅमिल्टनचा नियम सांगतो की नात्याचा अंश गुणिले मदतीचा फायदा हा मदतीच्या खर्चाहून जास्त असेल तर मदत करण्याची वृत्ती टिकते. या नियमात तीन संख्या आहेत. त्यांपैकी नात्याचा अंश प्रयोगशाळेत मोजता येतो, म्हणून सगळे तोच मोजत बसले. गदगकरांनी फायदा आणि खर्च मोजायला घेतले.

१९९० साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी जो विचार मांडला त्याला मराठीत ‘हमखास परतावा’ म्हणता येईल. मार्जिनाटाचे अंडे घातल्यापासून प्रौढ माशी बाहेर पडेपर्यंत साधारण दोन महिने लागतात, आणि बऱ्याच माद्या तितके दिवस जगतही नाहीत. एकटीने पोळे मांडणारी मादी चाळिसाव्या दिवशी मेली, तर तिचे चाळीस दिवसांचे सगळे कष्ट पाण्यात जातात, कारण अर्धवट वाढलेल्या अळ्या तिच्यामागे मरतात. तीच मादी भरल्या पोळ्यात वीस दिवस राबून मेली, तर तिने अर्धवट वाढवलेल्या अळ्या दुसरी कोणी तरी पूर्ण वाढवते आणि तिच्या वीस दिवसांचे फळ वीस दिवसांपुरते तरी पदरात पडते. ही शेअरबाजाराची नाही, पोस्टातल्या ठेवीची गोष्ट आहे. नाते मुळीच जवळचे नसले तरी या हिशेबाने मदत करणे परवडते. एकत्र राहण्याचा फायदा बापाकडून न येता मृत्यूच्या शक्यतेतून येतो, हा विचार मला तरी विलक्षण वाटतो.

प्रभावाचे खरे माप इथे घ्यावे. २००० साली जेरेमी फील्ड आणि सहकाऱ्यांनी मलेशियातल्या लायोस्टेनोगास्टर फ्लॅव्होलिनिएटा या हवेत तरंगणाऱ्या गांधीलमाशीवर प्रयोग केला. पोळ्यातल्या मदतनीस माद्या त्यांनी मुद्दाम काढून घेतल्या आणि मागे राहिलेल्या माद्या त्या मदतनिसांनी वाढवत आणलेल्या अळ्या पुढे वाढवतात का, हे पाहिले. त्या वाढवत होत्या. बंगळूरच्या खिडकीतल्या माशीवरून सुचलेला विचार दुसऱ्या देशात, दुसऱ्या जातीवर, दुसऱ्या माणसांनी तपासून पाहिला आणि तो निष्कर्ष ‘नेचर’मध्ये छापून आला. पुरस्कारांच्या यादीपेक्षा मला हे अधिक बोलके वाटते.

आता थोडे आपल्या गावाबद्दल. १९८८ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आलेल्या, माद्यांची भूमिका जन्माआधीच काही अंशी ठरते का, या प्रश्नावरच्या लेखाच्या लेखकांत पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले अनिल गोरे आहेत. नुकत्याच बाहेर पडलेल्या माद्या एकेकट्या डब्यांत ठेवल्या, त्यांना मुबलक अन्न आणि बांधकामाला मऊ लाकूड दिले. कोणी दरडावणारी नाही, कोणी राणी नाही, तरी जवळपास निम्म्या माद्यांनी अंडी घातलीच नाहीत आणि तशाच मेल्या. म्हणजे सर्व माद्या दिसायला सारख्या असल्या तरी आतून सारख्या नसतात. पुढच्या कामात याचा संबंध अळीपणी मिळालेल्या पोषणाशी जोडला गेला. ज्या मादीला एकटीने संसार मांडणे मुळातच जड जाणार, तिच्यासाठी दुसरीकडे राबण्याचा ‘खर्च’ आपसूकच कमी होतो. हे हॅमिल्टनच्या नियमातल्या तिसऱ्या संख्येचे उत्तर झाले.

मळेकर

मी शेतकरी आहे, शास्त्रज्ञ नाही, त्यामुळे चुकले तर सांभाळून घ्यावे. वरच्या प्रयोगांतल्या माश्यांना कोणते अन्न दिले जात असे, हे कोणी सांगू शकेल का? आमच्याकडे गांधीलमाश्या तुरीवर घिरट्या घालताना आणि अळ्या उचलून नेताना मी स्वतः पाहिले आहे, म्हणून विचारतो. आणि इतक्या वर्षांच्या संशोधनातून शेतीला काय मिळाले, हेही जाणून घ्यायला आवडेल.

रानवाट

मळेकरदादा, तुमचा पहिला प्रश्न तुमच्या ओळखीच्या वस्तूशी जाऊन भिडतो. बंगळूरला या माश्यांना कोर्सायरा सेफॅलोनिका या तांदळातल्या पतंगाच्या अळ्या, मध आणि पाणी दिले जात असे. ऊस किंवा कापसात तुम्ही कीडनियंत्रणाचे ट्रायकोकार्ड लावत असाल, तर त्या कार्डावर चिकटवलेली अंडी याच पतंगाची असतात. हा पतंग स्वस्तात, डब्यात, भरडलेल्या धान्यावर वाढतो, हे दोन्हीकडचे कारण.

दुसऱ्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की थेट शेतीसाठी हे काम केलेलेच नव्हते आणि तसा आव कोणी आणलेलाही नाही. आपल्या देशात कीटकशास्त्राचा मोठा भाग कृषी विद्यापीठांतून कीडनियंत्रणाच्या गरजेपोटी वाढला आणि ते योग्यच झाले. पण कीटक हा शत्रू वा मित्र यापलीकडे स्वतः एक विचारण्याजोगा प्रश्न असू शकतो, ही बाजू त्यामुळे दुबळी राहिली होती. गदगकरांच्या शाळेने ती बाजू उभी केली. त्यांच्याबरोबर सुरुवातीच्या काळात काम केलेले के. चंद्रशेखर पुढे बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठात कीटकशास्त्र शिकवू लागले, म्हणजे वाट अगदीच वेगळी राहिली असेही नाही. चंद्रशेखर आणि पी. नायर यांच्यासह त्यांनी पश्चिम घाटातल्या कीटकांच्या विविधतेचे नमुने कसे घ्यावेत यावरही काम केले. तो लेख १९९० साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला होता. ज्यांना घाटात कीटकगणना करायची आहे त्यांनी तो आधी वाचावा.

सातवीण, तुमच्या लेखात एक भर घालतो. प्रयोगशाळेत माश्यांसाठी जाळीची खोली आहे. जाळीची भोके अशा बेताची की मार्जिनाटाला मोकळेपणी ये-जा करता यावी, पण व्हेस्पा ट्रॉपिका ही मोठी गांधीलमाशी आत शिरू नये. ती एकदा पोळ्यावर आली की अळ्या-कोष सगळे फस्त करते आणि महिन्यांच्या नोंदी दुपारभरात संपतात.

सातवीण

रानवाट, आभार. राहिलेल्या तीन प्रश्नांकडे वळते.

राणी दांडगाई न करता ताबा कसा ठेवते, याचे उत्तर गंधात मिळाले. पोळे मधोमध कापून तारेच्या जाळीने दोन भाग केले आणि राणी एका बाजूला ठेवली, तर दुसऱ्या बाजूच्या माश्या राणी नसल्यासारख्या वागतात, जाळीपलीकडे ती बोटभर अंतरावर असली तरी. याचा अर्थ तिचा संदेश वाऱ्यावर पसरणारा नाही, स्पर्शाने पोहोचणारा आहे. राणी आपले पोट पोळ्यावर वारंवार घासत फिरते आणि पोटातल्या ड्युफोर ग्रंथीचा स्राव त्यावर सोडते. त्या ग्रंथीचा अर्क लावून पाहिल्यावर होणाऱ्या राणीची आक्रमकता कमी झाली. म्हणजे इथे हुकूम चालत नाही. राणी हजर असल्याची खूण पोळ्यावर उमटलेली असते आणि कामकऱ्या ती वाचतात. अन्न आणायला कोणी कधी जायचे, हेसुद्धा राणी ठरवत नाही. कामकऱ्या एकमेकींना दरडावून पोळ्यातल्या भुकेची वर्दी देतात, असा निष्कर्ष २००६ च्या एका लेखात आहे. राणीवर ज्या आक्रमकतेची अपेक्षा होती ती कामकऱ्यांत सापडली आणि तिचा उपयोग वेगळाच निघाला.

वारसाच्या प्रश्नावर अनिंदिता भद्रा आणि गदगकर यांनी २००८ मध्ये तोच जाळीचा प्रयोग आणखी एक पाऊल पुढे नेला. राणी नसलेल्या अर्ध्या भागात एक मादी आक्रमक होते. मग राणीला त्या भागात हलवायचे, म्हणजे आता दुसऱ्या भागात कोणी उभी राहते का हे दिसते, आणि या दोन दावेदारांपैकी दोन्ही बाजूंच्या माश्या कोणाला विनातक्रार मानतात हे तपासता येते. एकच मादी तशी मानली जाते. तिच्याकडे पाहून आपल्याला आधी काहीही ओळखता येत नाही, ती वयाने सर्वांत मोठी नसते, अंगाने सर्वांत थोर नसते, दांडगाईत पहिली नसते. माश्यांना मात्र ते ठाऊक असते.

गणिती

एक दुरुस्ती सुचवतो. वयाविषयीचे विधान थोडे जुने झाले आहे. आलोक बंग आणि गदगकर यांनी २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात जे काम छापले, त्यात त्यांनी राणी काढली, मग तिच्या जागी आलेली काढली, मग तिच्यानंतरची काढली, असे करत एकापाठोपाठ एक अनेक वारसदार उघड केले. प्रत्येक वेळी पुढची मादी भांडणाशिवाय गादीवर आली, म्हणजे पोळ्यात एक अदृश्य रांग लागलेली असते. त्या रांगेचा क्रम वयाशी बऱ्यापैकी जुळतो, पण काटेकोरपणे जुळत नाही. तेव्हा ‘वयाचा संबंध नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘वयावरून नेमके सांगता येत नाही’ असे म्हणणे बरोबर होईल.

सातवीण

मान्य. माझे वाक्य जुन्या लेखांवर बेतलेले होते. पहिली वारस वयाने सर्वांत मोठीच असेल असे नाही, एवढेच मला म्हणायचे होते, पण लिहिताना ते जास्त ठाम झाले.

नर्मदातीर

धाग्यातला सूर थोडा एकतर्फी होतो आहे असे वाटते, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

२००८ साली ह्यूज, ओल्ड्रॉइड, बीकमन आणि रॅटनिएक्स यांनी ‘सायन्स’मध्ये मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांच्या २६७ जातींची तुलना केली. समाजशील वंशांच्या आठही स्वतंत्र शाखांच्या मुळाशी एकाच नराशी समागम करणारी मादी होती, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे समाज जेव्हा जन्मला तेव्हा बहिणी एकाच बापाच्या होत्या आणि बहुपतित्व नंतर, कामकऱ्यांचे परतीचे दोर कापले गेल्यावर आले. हे खरे असेल तर आजच्या मार्जिनाटात नाते विरळ आहे, यावरून समाजाच्या उगमाविषयी फारसे काही सांगता येत नाही. एका जातीचा इतका खोल अभ्यास करण्याचा हा तोटा आहे: ती जात नियम दाखवते आहे की अपवाद, हे त्या जातीकडे कितीही वेळ पाहून कळत नाही.

गणिती

आक्षेप वजनदार आहे आणि त्याला टाळता येणार नाही. तरी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली अशी की उगम आणि टिकाव हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मार्जिनाटाच्या कामकऱ्यांचे दोर कापले गेलेले नाहीत, त्या आजही निघून जाऊ शकतात, अंडी घालू शकतात. तरीही बहुसंख्य राहतात. हे टिकून राहणे नात्याच्या अंशावरून समजत नाही आणि त्यासाठी फायदा-खर्चाचा हिशेब लागतोच. त्यांच्या २००१ च्या पुस्तकात, जे हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढले, जनुकीय नाते, परिसर, शरीरक्रिया आणि आयुर्मान या चारही बाजू एकाच गणितात घातल्या आहेत. पाहणीत आढळते तसेच त्या गणितातही दिसते, की एकटीने पोळे मांडणे फार थोड्या माद्यांना परवडते. तो मूळ उगमाचा पुरावा नव्हे, हे मी तुमच्याबरोबर मान्य करतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वादातली त्यांची जागा. नोव्हाक, टार्निटा आणि विल्सन यांनी २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये हॅमिल्टनचा सारा विचारच निकालात काढायचा प्रयत्न केला आणि पुढच्या वर्षी १३७ शास्त्रज्ञांनी सही करून त्याला उत्तर दिले, तेव्हा हा विषय जणू दोन तटांचा झाला. गदगकरांचे काम त्यापैकी कोणत्याच टोकाला बसत नाही. नियम त्यांनी टाकला नाही, त्यातली दुर्लक्षित पदे भरली. अशा कामाला दोन्ही तटांवर टाळ्या कमी पडतात.

रानवाट

नर्मदातीर यांचा एका जातीबद्दलचा मुद्दा मला अर्धाच पटतो. इतकी वर्षे एकच जात पाहिली नसती तर पुढचा प्रयोग कोणाला सुचलाच नसता. नर हे पोळ्यावरचे आयते खाणारे, ते कधी काम करत नाहीत, असे सर्वत्र मानले जाते. रुचिरा सेन आणि गदगकर यांनी विचारले की ते करत नाहीत की करू शकत नाहीत? माद्या काढून घेतल्या आणि नरांना पोटापेक्षा जास्त अन्न हातात दिले, तेव्हा नर अळ्यांना भरवू लागले. २००६ चा हा लेख आहे. माद्यांइतके चांगले त्यांना जमत नव्हते, पण क्षमता होती. घरातल्या पुरुषांविषयी यावरून काही बोलण्याचा मोह मी आवरतो.

प्रभावाची आणखी एक बाजू शिष्यांची. अनिंदिता भद्रा कोलकात्याच्या आयसर संस्थेत रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास करतात, अन्नागिरी सुमना तिथेच मुंग्यांवर काम करतात, ध्रुव नाग अमेरिकेत कोलोरॅडोला मधमाश्यांवर. प्राणी वेगवेगळे आहेत, पण प्रत्येक प्राण्याला ओळख देऊन, स्वस्त साधनांनी, दीर्घकाळ पाहण्याची सवय तीच. मला वैयक्तिकरीत्या भद्रांची कुत्री ही गांधीलमाश्यांची खरी वंशज वाटतात. आपल्या रस्त्यावर फुकट उपलब्ध असलेला प्राणी घ्यायचा आणि त्याला जगाच्या पातळीवरचा प्रश्न विचारायचा, हा तोच बाणा आहे.

वाचनवेडा

विज्ञानाबाहेरच्या त्यांच्या भूमिकांविषयी कोणी काही लिहील का? विज्ञान प्रकाशनाच्या खर्चाविषयी त्यांनी काही वादग्रस्त लिहिल्याचे अंधुक आठवते.

सातवीण

होय. २००८ मध्ये ‘नेचर’ला लिहिलेल्या एका छोट्या पत्रात त्यांनी म्हटले की वाचकाला फुकट आणि लेखकाला पैसे, ही मुक्त प्रकाशनाची पद्धत विकसनशील देशांचे भल्यापेक्षा नुकसानच अधिक करते. त्यांचा युक्तिवाद साधा होता. लेख वाचायला मिळाला नाही तर लेखकाला पत्र लिहून मागता येतो. छापायलाच पैसे नसतील तर काय करणार? त्यावर तेव्हा टीका झाली. आज लेख छापण्याचे शुल्क पाहिले की निदान अर्धा मुद्दा तरी बरोबर ठरला असे मला वाटते, वाचकांची अडचण मात्र त्यांनी थोडी हलकी लेखली.

हा आग्रह त्यांच्या पद्धतीशी सुसंगत आहे. प्राण्यांच्या वर्तनावरचे नगण्य खर्चात करता येतील असे प्रयोग सांगणारे त्यांचे पुस्तक २०२१ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीने काढले. मानसन्मानांत १९९३ चा भटनागर पुरस्कार, २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे परदेशी सदस्यत्व आणि २०१४ ते २०१६ या काळात भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे अध्यक्षपद, एवढे पुरे.

मळेकर

सगळे वाचून काढले, दोनदा. माझ्या पंपघराच्या दाराच्या चौकटीवर राखी रंगाचे असेच एक पोळे आहे, तळहाताएवढे. दहा-बारा माश्या असतील. गड्याला जाळायला सांगितले होते, आज थांबवले. यातली राणी ओळखायची कशी?

रानवाट

पाहून ओळखता येणार नाही, दादा, आणि सुरुवातीला कोणालाच येत नव्हती. पहाटे माश्या सुस्त असतात तेव्हा लांब काडीने पाठीवर रंगाचा एकेक ठिपका द्यायचा, प्रत्येकीला वेगळा. मग उन्हे वर आल्यावर तीन-चार हात लांब बसून पाहायचे. डंखाचे भय आहेच, अंगावर गांधी उठणाऱ्यांनी हे करू नये. जी कधीच चारा आणायला जात नाही, फारशी भांडत नाही आणि रिकाम्या कोठडीत पोट घालून काही वेळ स्थिर राहते, तिच्या ठिपक्याचा रंग वहीत लिहून ठेवा.

मळेकर

रंग बैलांच्या शिंगांचा उरलेला आहे, हिंगूळ आणि निळा. दोनच आहेत, दहा माश्यांना कसे पुरवू?

गणिती

एक ठिपका पाठीवर, एक पोटावर. दोन रंग आणि न रंगवलेली जागा धरली तर नऊ जणी वेगळ्या ओळखता येतील. दहावीला पाठीवर दोन ठिपके द्या.